ब्राझीलचा मुकादम

आमच्या हायस्कुलात दहावीला ब्राझील मी शिकवलाय. हसायचं असलं तर आत्ताच हसून घ्या, पुढं मला हसू येणार न्हाय.

मी शाळेचा शिपाई. शिक्षण चौथी, ते बी मास्तरांनी कंटाळून पुढं ढकललं म्हणून. वाचता येतंय, पण ओळीवर बोट ठेवून. शाळा उचगावच्या पुढं, तिन्ही बाजूंनी ऊस. माझी कामं म्हणजे घंटा द्यायची, गेट उघडायचं, पाण्याच्या नळाला कुलूप घालायचं आन हेडसरांचा चहा आणायचा. त्यात पोरांना हसवायचं काम मी माझ्या मनानंच अंगावर घेतलंय. पाय घसरला न्हाय तरी घसरल्यासारखं करायचं, झाडू उलटा धरायचा, स्वतःच्याच टकलावर बोलायचं. पोरं हसली की मला जेवल्यासारखं वाटतंय.

दिवाळीनंतर भूगोलाच्या सरांना मतदार यादीच्या कामाला जुंपलं. भूगोलाचा मास्तर दारोदार हिंडून इचारतोय, म्हातारी जित्ती हाय का गेली, आन हिकडं दहावीचा वर्ग मोकळा. हेडसरांनी मला बोलवलं.

"वर्गात जाऊन बस. शिकवू नको काय. नुसतं गप ठेव पोरांना."

"सर, मला बघून पोरं गप कशी बसतील?"

"कसं बी ठेव. वरनं साहेब आला तर वर्गात मोठं माणूस दिसाय पाहिजे."

म्हणजे शेतात बुजगावणं उभं करतात, तसला मी. ह्याचा मला तवा राग यायला पाहिजे हुता. आला न्हाय. उलट मी घरात जाऊन बायकोला सांगितलं, "आजपासनं मी दहावीला हाय." ती म्हणाली, "परत नापास होऊन या."

दहावीचा भूगोल तुम्हाला म्हाईत असंल. अर्धा भारत, अर्धा ब्राझील. आता ब्राझील मला दोन ठिकाणी भेटल्याला. एक म्हणजे फुटबॉलचा वर्ल्डकप आला की शहरात निम्म्या गल्ल्या पिवळ्या होतात तो. आन दुसरा साखर कारखान्याच्या सभेत. दर साली माईकवर सांगतात, "औंदा ब्राझीलमधी साखर लई झाली, म्हणून आपला दर पडला." मला वाटायचं ब्राझील म्हणजे कुणीतरी शेजारचाच भांडकुदळ कारखाना हाय.

पहिल्या बाकड्यावरची पोरगी पुस्तक मोठ्यानं वाचायची आन मी ते फोडून सांगायचो. ती वाचायची, तिथली माणसं कुठनं कुठनं आली ते. मी सांगायचो, "हे बघा, मिसळ हाय ही. मटकी म्हणजे तिथली मूळची माणसं. फरसाण म्हणजे वरनं येऊन पडल्याले पोर्तुगीज. आन कट म्हणजे आफ्रिकेतनं जहाजात घालून आणल्याली माणसं."

"मामा, मग पाव कोण?"

"पाव म्हणजे तू. फुगून बसलाईस नुसता."

वर्ग खदखदायचा. पाव बी पोर्तुगीजांनीच आपल्याकडं आणला, हे मला मागनं कळलं. तर ते असू दे. रोज तिसऱ्या तासाला दहावीचा वर्ग हसतोय, पण पळत न्हाय, खिडकीतनं उड्या मारत न्हाय, एवढ्यावर हेडसर खूश. मी घरात मोबाईलवर हिंदीतनं ब्राझीलचे व्हिडिओ बघायला लागलो. नाच बघितला, जंगल बघितलं. एका व्हिडिओत तर सांगितलं, गुलामांनी लढायची कला शिकली ती नाचासारखी दाखवून, म्हणजे मालकाला वाटावं नाचतायत. ते मी वर्गात करून दाखवाय गेलो आन कंबर धरली. चार दिवस वाकून घंटा दिली.

शेवटच्या बाकड्यावर, दाराजवळ, एक पोरगी बसायची. तिचं नाव आमच्या पटावर नव्हतं. बीडकडनं ऊसतोडीची टोळी येते दर साली, त्यातली. शाळेमागच्या गायरानात त्यांच्या खोपी. तिचा दहावीचा फॉर्म तिकडं तिच्या गावच्या शाळेतनं भरल्याला, बोर्डाची परीक्षा तिकडंच द्यायची, पण घरात मागं सांभाळायला कुणी न्हाय म्हणून आईबापाबरोबर आलती. आल्या आल्या बाप तिला घेऊन हेडसरांकडं आला आन हात जोडून म्हणाला, "नुसतं बसू द्या, साहेब." हेडसर म्हणाले, "बसू दे. हजेरी लागणार न्हाय. सराव परीक्षेचा पेपर पायजे तर देईल." एवढंच. इथं बसली तर दहावी, न्हाय बसली तर मोळ्या बांधायला आईच्या मागं फडात. तिला ते म्हाईत हुतं. म्हणून ती सकाळी तासभर मोळ्या बांधून, हात धुवून, ओल्या केसांनी वर्गात यायची, आन मान वर न करता लिहीत बसायची. माझ्या विनोदाला बी हसायची न्हाय. मला त्याचा जरा रागच हुता. सगळा वर्ग हसतोय, हिला काय झालंय?

आता माझं एक काम सांगतो, जे मी हेडसरांना कधी सांगितलं नव्हतं. खोपींना पाणी न्हाय. नळ शाळेचा, कुलूप माझं. सकाळी टोळीच्या बायका घागरी घेऊन गेटावर उभ्या. मी नळ उघडायचो, आन त्याबदल्यात रोज एका घरानं मला एक पेंडी वाडं द्यायचं. उसाचा हिरवा शेंडा तो वाडं. ऊस कारखान्याचा, पाला रानाचा, पण वाडं तोडणाऱ्याचं, ही आमच्याकडची रीत. ते इकून त्या बायका भाजी-मिरची आणतात. मी ते फुकट घ्यायचो. घरात माझ्या दोन म्हशी. सायकलच्या मागं वाड्याची पेंडी बांधून मी रोज रुबाबात घराकडं जायचो आन पोरं-बाळं बघायची. पाणी सरकारचं, नळ शाळेचा, आन दूध माझं. डेअरीत फॅट चांगली लागायची. मला मी लई हुशार वाटायचो.

तर उसाचा दिवस आला.

व्हिडिओत बघितल्यालं. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधी ऊस लावला. तोडायला माणूस मिळंना. तिथली मूळची माणसं मेली तरी, न्हायतर जंगलात पळाली तरी. मग आफ्रिकेतनं माणसं धरून आणली, विकत घेतली, फडात घातली; त्यातली काही पळाली आन डोंगरात गाव करून ऱ्हायली. मालक बंगल्यात, आन फडात चाबूक घेऊन एक माणूस उभा. त्याला हिंदीत काय म्हणतात कुणास ठाऊक, मी म्हटलं, "ह्यो मुकादम." पोरांना लगेच कळलं. मुकादम कुणाला म्हाईत न्हाय आमच्याकडं?

मी टेबलाचा बंगला केला. एका बाकड्याचं जहाज केलं, त्यात आठ पोरं कोंबली, एकावर एक. "श्वास घ्यायचा न्हाय, जागा न्हाय!" पोरं हसून हसून बाकड्याखाली. मग मी घंटा बडवायचा लोखंडी टोल हातात घेतला आन मुकादम झालो. छाती काढून, मिशी पिळून. मिशी न्हाय मला, तरी पिळली.

"आता ऊस कोण तोडणार?"

"मी! मामा, मी!" पहिला हात शाळा समितीच्या अध्यक्षांच्या पोराचा. घरात बारा एकर ऊस, पण पोरानं बांधावर बी पाय ठेवला नसंल.

"तू बस. तुला कोयता कुठल्या बाजूनं धरायचा म्हाईत हाय का? बोट तुटलं तर तुझा बा मला तोडंल."

परत हशा. आन माझी नजर शेवटच्या बाकड्यावर गेली. मला वाटलं, वा, हिला खरं येतंय. हिचा आज मान करू. हे मी खरंच मनात म्हटलं, मान करू.

"ए टोळी! ऊठ. तू तोड."

तिला नाव हुतं. सगळ्या वर्गाला म्हाईत हुतं. मी टोळी म्हणत हुतो.

ती उठली. मी तिला लाकडाची लांब फूटपट्टी दिली, कोयता म्हणून. आन मागं उभा राहून ओरडाय लागलो, "चल, चल, लवकर! जहाज खोळंबलंय! मालक बंगल्यात वाट बघतोय चहाला!"

ती वाकली. अशी वाकली की वर्ग गप झाला. डाव्या हातानं मुठीत धरलं, अगदी जमिनीलगत एक घाव घातला, उसाला वर उचलून पाला झाडला, शेंडा छाटला आन एका बाजूला टाकला, ऊस दुसऱ्या बाजूला. परत वाकली. तिथं काय बी नव्हतं, फरशी हुती, तरी सगळ्यांना ऊस दिसला. पाच-सहा वेळा केलं. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाली, तिची आई फडात होते तशीच, आन मला म्हणाली,

"मामा, तिथं वाडं कुणाचं व्हतं?"

"काय?"

"वाडं. त्यांच्यात तोडणाऱ्याला भेटायचं, का मुकादम घ्यायचा? पुस्तकात न्हाई दिलं."

खरं सांगतो, तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ते मला आता कळतंय. तिला ब्राझीलचं खरंच जाणून घ्यायचं हुतं. पण मागनं कुणीतरी ओरडलं, "मामाचं! मामाच्या म्हशीचं!" आन वर्ग फुटला. बाकडी बडवली पोरांनी. सगळ्यांनी माझी सायकल बघितल्याली हुती की रोज.

आयुष्यभर मी लोकांना माझ्यावर हसवलं, पण कुठं हसायचं ते मी ठरवायचो. त्या दिवशी पहिल्यांदा मी न ठरवता हसली माणसं. आन माझं डोकं फिरलं.

"बस खाली! लई शानी झालीस. तोडायला आलायसा तर तोडा की, शाळा कुणी शिकाय सांगितली?"

तिनं फूटपट्टी आणून माझ्या टेबलावर सरळ ठेवली, जागेवर गेली आन वही उघडली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत अध्यक्ष आले. हापिसात शिरताना दार सुद्धा वाजवलं न्हाय. मी कपबशा विसळत बाहेरच हुतो, मला आत ओढलं.

"काय ओ हेडसर, काय चाललंय शाळेत? आमचं पोरगं जेवताना मला इचारतंय, पप्पा, आपण मुकादम का बंगल्यावालं? मी काय माणसं विकत आणतोय व्हय? टोळीला मी दिवाळीची साडी देतोय!"

हेडसर म्हणाले, "तसं काय न्हाय ओ, भूगोलाचा धडा हाय तो."

"कसला धडा? ह्यो शिकवतोय न्हवं? का रं, टकल्या? तू शिकवलंस, आम्ही गुलाम पाळतोय म्हणून?"

आता मला सांगा, काय म्हणायचं हुतं? म्हणायचं हुतं, व्हय, मीच टेबलाचा बंगला केला, मीच मिशी पिळली, मीच त्या पोरीला उठवलं. पाच शब्दांचं काम हुतं. मी म्हटलं,

"मी न्हाय, साहेब. त्या टोळीच्या पोरीनं विषय काढला. वाडं-बिडं तिनंच काढलं. मी तिला गप बसवलं."

शेवटचं वाक्य वरनं लावलं, शाबासकी मिळावी म्हणून.

"बघा!" अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. "आपल्या शाळेत फुकट बसायचं आन आपल्यालाच शिकवायचं!"

हेडसरांचा जीव भांड्यात पडला, मी बघितला पडताना. "तिचं नाव तर पटावर न्हाईच," ते म्हणाले. "उद्यापासनं येऊ नको म्हणून सांग तिला. आन तू बी वर्गात जायचं न्हाय आता. अध्यक्षांना चहा सांग."

मी चहा आणला. अध्यक्ष म्हणाले साखर कमी हाय, म्हणून परत जाऊन साखर घालून आणला.

सांज झाल्यावर खोपीकडं गेलो, तिला सांगायला. चुलीला धूर. तिची आई मला बघून उठली आन न इचारता वाड्याची पेंडी बांधाय लागली. तिला वाटलं, सकाळचं ऱ्हायलं म्हणून आलोय. पोरगी दगडावर बसून पुस्तक वाचत हुती. तिनंच तोंड उघडलं.

"मामा, तुमी म्हणले व्हते ना, तिथले काही लोक पळून गेले, डोंगरात गाव करून राहिले?"

"व्हय."

"मंग ते खात काय व्हते? रान न्हाई, बी न्हाई. पळताना काय घेऊन पळले असतील?"

मला म्हाईत नव्हतं. व्हिडिओत एवढं नव्हतं. मला असलं इचारायचं सुचलं बी नसतं. मी म्हटलं, "बघून सांगतो." आन जे सांगायला गेलतो ते सांगितलंच न्हाय. तिच्या आईनं पेंडी सायकलला बांधून दिली. मी घेतली. हे बी ऐका, मी ती घेतली आन घरी येऊन म्हशीम्होरं टाकली.

मग सकाळी गेटावर सांगायची पाळी आली. प्रार्थना सुरू व्हायची हुती, हेडसर वऱ्हांड्यात उभे, माझ्याकडंच बघत. ती आली. मी आडवा झालो.

"तुला येऊ नको म्हणून सांगितलंय."

"कोणी?"

"हेडसरांनी."

"काहून?"

"ते तू वाडं इचारलंस न्हवं..."

"मंग? मी नुसतं इचारलं. शाळेत इचारायचं नसतं का?" मग तिनं माझ्याकडं नीट बघितलं. पंधरा-सोळा वर्षांची पोरगी, पण असं बघितलं की मी गेटाची कडी चाचपायला लागलो. "तुमी सांगितलं ना सरांला, माझं नाव?"

मी कडी काढली, परत घातली.

"सोंग तुमी घेतलं, मामा. आन हाकलायलेत मला."

तिनं पाठ फिरवली आन गेली. दुपारी मी गच्चीवर टाकी बघायला चढलो तर दिसली, फडात, आईच्या मागं मोळ्या बांधताना. फड कुणाचा? अध्यक्षांचा. दप्तर बांधावर ठेवल्यालं.

तीन दिवस असे गेले. मला सगळ्यांचा राग येत हुता. अध्यक्षांचा, हेडसरांचा, मतदार यादीचा, ब्राझीलचा. रात्री जेवताना मी पोर्तुगीजांना शिव्या दिल्या तर बायको म्हणाली, "आपल्या गावात कुणी ऱ्हायलं न्हाय वाटतं शिव्या द्यायला?" अध्यक्ष निदान आपल्या बारा एकरासाठी भांडला. हेडसर खुर्चीसाठी. मी कशासाठी त्या पोरीचं नाव घेतलं? मला कुणी मारत नव्हतं, टांगत नव्हतं. नुसतं टकल्या म्हटलं. ते तर मी स्वतःला रोज म्हणतोय.

चौथ्या दिवशी सकाळी तिची आई घागर आन पेंडी घेऊन आली. मी म्हटलं, "वाडं नको आजपासनं."

पेंडी खाली ठेवून तिनं दोन्ही हात जोडले. "मामा, पाणी बंद करता का? पोरीचं चुकलं. मी सांगते तिला. दोन पेंड्या घ्या, पण पाणी..."

"अगं बाई, पाणी घे की! नुसतं वाडं नको म्हणतोय!"

तिला खरंच वाटंना. मागं मागं सरकत गेली, नळाकडं बघत, माझ्याकडं बघत. मी फुकट पाणी देतो म्हटलं तर ती धमकी वाटावी, इतकी इज्जत मी त्या बायकांत कमावल्याली! मला तिथंच नळाखाली डोकं घालावंसं वाटलं.

तसाच ओल्या हातानं हापिसात गेलो.

"सर, मी खोटं बोललो. सोंग मी केलं. पोरीला मीच उठवलं. तिनं नुसतं इचारलं."

हेडसर वही तपासत हुते. मान वर न करता म्हणाले, "म्हाईत हाय मला."

"म्हाईत हाय?"

"सगळ्या वर्गाला म्हाईत हाय. अध्यक्षांना बी त्यांच्या पोरानं सांगितलं असंलच."

"मग तिला का काढलं?"

"मग कुणाला काढू?" आता त्यांनी मान वर केली. खरंच कोडं पडल्यासारखं बघत हुते. "तुला काढलं तर घंटा कोण देणार? तिला काढलं तर कुणाचं काय अडतंय?"

मी आजपर्यंत हापिसात आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी टोल त्यांच्या टेबलावर आपटला, काच तडकली.

"घंटा तुम्ही द्या मग!"

आन गेटाजवळ स्टुलावर जाऊन बसलो. पहिला तास संपला. घंटा न्हाय. गणिताच्या सरांना कळलंच न्हाय, ते दुसऱ्या तासातबी गणितच शिकवत बसले. दहावीची पोरं रडकुंडीला आली. खिचडी शिजून गार झाली, सुट्टी काय होईना. मग हेडसर स्वतः आले घंटेला. त्यांना टोल कसा मारायचा म्हाईत न्हाय, एकदा मारला तर लोंबती घंटा झोका घेऊन त्यांच्याच हातावर बसली. सुट्टीचे टोल किती आन शाळा सुटायचे किती, त्याचा पत्ता न्हाय. त्यांनी बडव बडव बडवली, पाचवीची पोरं शाळा सुटली म्हणून दप्तरं घेऊन गेटाकडं पळत आली. मी गेट लावून धरलं. एरवी मी हसलो असतो. न्हाय हसलो.

दुपारी हेडसर गेटावर आले, बोट चोळत.

"बसू दे तिला. सराव परीक्षेपर्यंत. पण तू लेखी दे. सोंग मी केलं, खोटं मी बोललो, शाळेचा काय संबंध न्हाय. जूनमधी तुझी नेमणूक पुढं चालू ठेवायची का न्हाय, ते समिती ठरवंल. मी मधी पडणार न्हाय."

मी लेखी दिलं. क्लार्क म्हणाला मी लिवून देतो, तू अंगठा दे. मी म्हटलं न्हाय. बोट ठेवून वाचणारा माणूस मी, लिहायला एक तास लागला. खोटं बोलायला एक मिनिट लागलं नव्हतं.

सांजचं परत खोपीकडं. ह्या वेळी सायकल न्हेली न्हाय.

"उद्यापासनं ये. हेडसर बसू देतील."

तिची आई लगेच म्हणाली, "नको बाई. परत हाकलतील. चार लोकांत."

पोरगी मोळी बांधायचा पाला वळत हुती. तिचे हात थांबले न्हाईत. "कोण सांगायलंय? तुमी का सर?"

"मीच बोललो सरांशी. मी लेखी दिलंय."

"आता मंग मी तुमचे पाय धरू का?"

"तसं न्हाय गं..."

"चार दिवस गेले माझे. गणिताचं एक प्रकरण गेलं. ते लेखी देता का तुमी?" पाला फेकून ती उभी राहिली. "मी येणार. पेपर हाय म्हणून येणार. तुमी बलावलं म्हणून न्हाई."

मी म्हटलं बरं.

ती आली. दाराजवळच्या बाकड्यावर न्हाय, पुढनं दुसऱ्यावर बसली, अध्यक्षांच्या पोराच्या शेजारच्या रांगेत. पोरानं दप्तर उचलून जागा केली आन गणिताची वही न बोलता तिच्याकडं सरकवली, एवढं मी दारातनं बघितलं. मला वर्गात जायला बंदी हुती. भूगोलाचे सर परत आले आन त्यांनी ब्राझील दोन तासात गुंडाळला, विनोद एक बी न्हाय.

सराव परीक्षेला पाणी न्यायला आन पुरवण्या द्यायला मात्र मीच. भूगोलाच्या पेपराला अर्धा तास ऱ्हायल्याला, तिनं हात वर केला. "पुरवणी." मी पळत गेलो. दोरा लावून कागद दिला. तिची लिवल्याली पानं माझ्या बाजूनं उलटी हुती, अक्षर बारीक, ओळीवर ओळ भरल्याली. ब्राझीलचाच प्रश्न हुता, एवढं कळलं. मी मान वाकडी करून वाचाय बघितलं. बोट ठेवल्याशिवाय मला जमत न्हाय, आन तिच्या पेपरावर बोट कसं ठेवणार? तिनं डाव्या हाताचा पंजा पानावर झाकला, पोरं कॉपी मारणाऱ्यापासनं झाकतात तसा. माझ्यापासनं! चौथी शिकल्याला माणूस, मी काय कॉपी मारणार?

"अहो, काय बघताय?" पहारा करणारे सर ओरडले. "पाणी द्या आन निघा."

मी निघालो. दारापर्यंत पोचलो न्हाय तोवर परत तिचा आवाज आला, पेपरातनं मान वर न करता.

"अजून एक पुरवणी."